चाकाला माती

“चाकाला माती कशी नाही रे?”

जिजींनी विचारलं, तेव्हा भास्कर निकुंभ देवळाच्या ओट्यावर उकिडवा बसून गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवत होता.

“नवी आहे, जिजी. पूजेलाच आणली.”

“नवी?... आखाजीच्या सणाला आलास तेव्हा म्हणाला होतास, गाडी झाली.”

भास्करनं लिंबू उगाच जरा सरकवून नीट ठेवलं.

गिरणेच्या काठी महादेवाचं लहानसं देऊळ आहे. त्याच्या शेजारच्या खोलीत जिजी राहत. कुठल्या गावच्या, कोणाच्या कोण, हे विचारायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. बोलायच्या कमी. भास्करनं तरुणपणी त्यांच्याकडूनच अनुग्रह घेतला होता, आणि घरात काही नवं आलं की त्यांच्यापुढं ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

आज त्यानं ट्रक आणला होता. हातभर लांबीचा, रिमोटवर चालणारा. पण विकतचा नव्हे. खिडक्यांच्या उरलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या करवतीनं कापून त्याचा सांगाडा केला होता. केबिन तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. मोटर बिघडलेल्या इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हरमधली. पोलादी मोजपट्टीचे तुकडे एकावर एक बांधून धक्के झेलणारे पाटे केलेले, थेट मोठ्या ट्रकला असतात तसे. घरात पट्टी आवळून धरायला साधा शिकंजासुद्धा नव्हता. पाटाखाली पट्टी दाबून धरायची, वर गुडघा ठेवायचा आणि कानस चालवायची. मागच्या फळीवर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, ‘वाट सोडा, रेवती आली.’

ते वाक्य रेवतीनंच सांगितलं होतं. भास्करची एकुलती एक लेक. सांगितलं तेव्हा ती उशीला टेकून बसत असे.

आता बसत नव्हती. तिच्या अंगातली शक्ती मुळातूनच आटत चालली होती. आधी पाय गेले, मग हात. या दुखण्याला औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. उरला होता उजव्या हाताचा अंगठा, आणि तोही जाणार होता.

“चालवून दाखव,” जिजी म्हणाल्या.

भास्करचा चेहरा खुलला. जिनिंग फॅक्टरीतला नावाजलेला फिटर तो. कुठलंही यंत्र त्याच्या हाताखालून बंद पडलेलं परत गेलं नव्हतं. त्यानं रिमोट घेतला. ट्रकनं लिंबू चिरडलं, ओट्यावरून पिंपळाला वळसा घातला, मागं आला आणि जिजींच्या पायांपासून वीतभर अंतरावर थांबला. हॉर्नही वाजला.

“छान,” जिजी म्हणाल्या. “रेवती अशीच चालवते?”

“...तिला द्यायचीच आहे.”

“दिली नाहीस?”

“वळणावर कलंडायची, जिजी. म्हणून बॅटरी खाली घेतली. मग बंपर नीट नव्हता. ती नवशिकी, भिंतीवर आपटणार. म्हणून पुढं लोखंडी पट्टी टाकली, तर वजन वाढलं, म्हणून पाटे बदलले...”

“लग्नातला शालू ठेवतात तशी ठेवलीस म्हण ना. नेसायचा नाही, नुसता घडी मोडून पुन्हा घालायचा.”

मागं पूजेचं ताट घेऊन उभी असलेली भास्करची बायको सुमन नकळत हसली. आणि हसू आल्याचंच तिला वाईट वाटलं असावं. तिनं मान खाली घातली.

“तू सांग ग,” जिजी तिला म्हणाल्या.

“काय सांगू... गाडी सुरू केली तेव्हा तिचा पंजा चालत होता, जिजी. पहिल्यांदा झाली तेव्हा दोन बोटं होती. यांनी म्हटलं, रिमोटची दांडी जड जातेय, मऊ करतो. मऊ करेपर्यंत एक बोट गेलं. मग पुन्हा मऊ केली.”

“अगं, तिच्यासाठीच करतोय ना मी?” भास्करचा आवाज चढला. “आता रिफिलच्या पेनातली स्प्रिंग टाकलीय. फुंकर मारली तरी दांडी हलेल. एवढा एक चाकं वळवणारा रॉड सरळ झाला की...”



सुमन ताटातल्या अक्षतांकडं पाहत होती. पहाटे अंघोळ करून तिनं एकेक अखंड दाणा निवडला होता. तिची रोजची सकाळ ठरलेली. आधी देवापुढं दिवा, मग लेकीच्या अंगठ्याखाली आपला तळहात धरायचा आणि म्हणायचं, दाब बाळा. आज सकाळी अंगठा टेकला. मुंगी चालून जावी, तेवढाच.

हे तिनं भास्करला सांगितलं नव्हतं.

“आणि गूळ?” जिजींनी विचारलं.

“सोडलाय अजून.” ज्या दिवशी गाडीची पहिली पट्टी कापली गेली, त्या दिवशी सुमननं गूळ सोडला होता. रेवतीनं गाडी चालवली की खाईन, असं महादेवापुढं बोलली होती.

जिजी भास्करकडं वळल्या.

“दे बरं ते इकडं.” त्यांनी हात पुढं केला. “पुढं न्यायची तर काय करायचं?”

“दांडी पुढं लोटायची. हलकेच हं, जिजी.”

भास्करनं रिमोट त्यांच्या हातात दिला आणि ट्रकचं तोंड पिंपळाकडं वळवून ठेवलं. जिजी सावकाश उठल्या. ट्रकजवळ गेल्या, वाकल्या आणि त्याचं तोंड पुन्हा फिरवलं. घाटाच्या पायऱ्यांकडं.

भास्करला वाटलं, म्हातारीला दिसत नसेल.

“जिजी, तिकडं पायऱ्या...”

जिजींनी अंगठा ठेवला. दांडी एवढी मऊ होती की अंगठ्याचं नुसतं ओझंच पुरे झालं.

“अंगठा काढा, जिजी.”

त्या गाडीकडं पाहतच नव्हत्या. भास्करकडं पाहत होत्या.

“काढा ना... जिजी.”

ट्रक ओट्याच्या कडेवरून गेला. पहिल्या पायरीवर तोंडावर आपटला, उलटला, पुन्हा उलटला. रिकामा डबा गडगडावा तसा पत्र्याचा आवाज खाली खाली जात राहिला. मग पाण्याजवळच्या गाळात थांबला.

पिंपळावरचे बगळे उडाले. ते परत येऊन बसले.

मग भास्कर धावला. धोंड्यावरून पाय घसरला, गुडघा फुटला, तरी धावला. गाळातून ट्रक उचलून त्यानं पोटाशी धरला. केबिनचा एक कोपरा पार आत गेला होता. एक दिवा तारेला लोंबत होता. पुढचा एक पाटा वाकला होता. चारी चाकं चिखलानं भरली होती.

तो वर आला.

“तुम्ही मुद्दाम केलंत.”

“हो.”

“माझ्या दोन वर्षांच्या रात्री आहेत यात.”

“आहेत खऱ्या.”

“आता ही पुन्हा उघडायची म्हणजे महिना जाईल. महिन्यानं...”

पुढचं त्याच्या तोंडून निघेना. आजवर ते वाक्य त्यानं मनातसुद्धा पूर्ण होऊ दिलं नव्हतं. तो ओट्यावर बसला. खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

जिजींनी त्याला रडू दिलं.

मग सुमनला म्हणाल्या, “पूजा कर.”

सुमन गोंधळली. “जिजी, खंडित झाली ना आता... खंडित वस्तूची पूजा कशी करायची?”

“सकाळी रेवतीला कुंकू लावलंस?”

सुमननं ‘हो’ म्हणून मान हलवली.

“तशीच कर.”

सुमन खाली बसली. आत गेलेल्या पत्र्यावर तिनं बोट टेकवलं, कुंकू लावलं. कुंकू जरा पसरलं. निवडलेल्या अक्षता वाहिल्या. मग कोणाला न सांगता लोंबता दिवा तिनं हळूच त्याच्या खोबणीत बसवला. तो बसला.

जिजी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत गुळाचा खडा होता. सुमनच्या पदराच्या टोकाला त्यांनी तो आपल्या हातानं बांधला.

“चाकं फिरतात का बघ रे.”

भास्करनं नाक पुसलं. रिमोट घेतला, एका हातानं ट्रक अधांतरी धरला आणि दांडी लोटली. मोटर घरघरली. चाकं फिरली. एक लंगडत फिरत होतं.

“फिरतात... पण वाकडी जाईल, जिजी. भिंतीवर आपटेल.”

“आपटू दे.”

भास्कर ट्रककडं पाहत राहिला. मग, सवयच ती, पंच्याचं टोक धरून त्यानं चाकावरचा चिखल पुसायला घेतला.

जिजींनी त्याचं मनगट धरलं.

“पुसू नकोस... तयार झालीय गाडी. ऊन आहे तोवर घरी पोचा.”