करंजखोरं कोणाचं?

करंजखोऱ्यासाठी दोन राज्यं तीन पिढ्या लढत होती. शेवटी शेजारच्या तिसऱ्या राज्याच्या राणीने मध्यस्थीचा प्रस्ताव मांडला आणि तिचे वकील नरहरपंत बोलणी करण्याचं आमंत्रण घेऊन त्या दोघांपैकी एका राज्याचे राजे हंबीरराव यांच्या दरबारी आले. वाटेत त्यांनी तेच खोरं ओलांडलं होतं. तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

हंबीररावांनी तलवार उपसली. "पंत, आधी सांगा, खोरं कोणाचं? त्यांचं म्हणालात तर मुंडकं उडवीन. आमचं म्हणालात तर बोलणी हवीत कशाला?"

पंत म्हणाले, "महाराज, आज ते गिधाडांचं आहे. तिथे पोट भरतं ते त्यांचंच. तुम्ही दोघांनी मिळून ते सोडवावं, एवढंच मागायला आलोय."

हंबीररावांच्या धाकट्या मुलाचं प्रेत त्या खोऱ्यातून परत आलंच नव्हतं.

त्यांनी तलवार म्यान केली. "बोलणी करायला कुठे यायचं?"