पाणपोईचा नियम

"मग शंभर हा आकडा चाळिसापेक्षा लहान कधीपासून झाला?" दौलतगीर बुवांनी विचारलं.

घाटाच्या पायथ्याशी बुवांची पाणपोई होती. रांजणाला टेकून बसलेला सौमित्र हा त्यांचा शहरातला शिष्य. वेबसाइट तयार करणं हा त्याचा धंदा, आणि आपल्या हातून चूक होत नाही असं त्याला मनापासून वाटत असे.

"लहान नाही झाला, बुवा. माझ्या प्रोग्रॅमला तसा वाटला."

तालुक्यातल्या एका दवाखान्यासाठी त्यानं नंबर लावायचं पान केलं होतं. ते आधी ब्राउझरची आवृत्ती विचारायचं. चाळिसाच्या आतली निघाली, की 'तुमचा ब्राउझर जुना आहे' म्हणून बाहेरचा रस्ता दाखवायचं. सोमवारी शंभरावी आवृत्ती आली. प्रोग्रॅम पहिले दोनच आकडे वाचत होता. त्यानं शंभराऐवजी दहा वाचले, आणि नव्यातल्या नव्यांना हाकलून दिलं.

"दोनच का?"

"तेव्हा दोनच होते ना! हे ब्राउझरवाले दर महिन्याला काहीतरी बदलतात. काल चाललेलं आज चालत नाही. किती धावायचं यांच्यामागे? डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा. मी हात लावणार नाही. चूक ब्राउझरवाल्यांची आहे. धंदाच सोडतोय मी."

बुवांनी लांब दांड्याचं ओगराळं रांजणात बुडवलं.

एक ट्रकवाला आला. त्यानं ओंजळ धरली, बुवांनी पाणी ओतलं. मग एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांचे हात थरथरत होते. बुवांनी त्यांना वाटी भरून दिली.

"तुझा नियम चांगला आहे," बुवा म्हणाले. "इथंही लावू. आधी वय विचारायचं. चाळिशीच्या आतल्याला पाणी नाही."

"थट्टा करताय, बुवा."

बुवांनी ओगराळं त्याच्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला सरकले.

ऊन चढलं होतं. रस्त्यानं एक बाई आली. कडेवर तापानं मलूल झालेलं मूल. तिनं एकच हात पुढे केला.

सौमित्रनं तो हात पाहिला. ओगराळं खाली ठेवून त्यानं वाटी भरली आणि तिला दिली. ती आधी मुलाला पाजू लागली.

"एवढ्या उन्हात कुठं निघालात?" त्यानं विचारलं.

"दवाखान्यात. फोनवरनं नंबर लागंना झालाय. जुनं हाय, जुनं हाय म्हनतंय सारखं. फोन तर दिवाळीत घेतलाय नवा… म्हनलं, जावं चालत."

ती गेली. सौमित्रनं रिकामी वाटी रांजणाशेजारी ठेवली. त्याला स्वतःची लाज वाटत होती. मग त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला.

बुवांनी ओगराळं उचललं.

"तिला वय विचारायचं राहिलं की रे तुझं."