आडोबाच्या बांधाचे दोर

दरवर्षी कुणीतरी पाहुणे बांधाची गोष्ट विचारत येतात आणि गाववाले बोट माझ्याकडे दाखवून मोकळे होतात. का, तर माझ्या वयाचा दुसरा कुणी उरला नाही. यंदा नुसतं सांगून भागत नाही, लिहून द्या म्हणतात. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाकडून लिहून घेताय, तर वाचताना शहाणपणा करू नका.

अमावास्येची मोठी सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आमच्या कोंडवेळच्या खाडीच्या तोंडाशी समुद्रातून काळ्या दगडांची रांग वर येते. म्हाताऱ्याच्या जबड्यासारखी, मधले मधले दात पडलेली. हा आडोबाचा बांध. दगडांना आरपार भोकं आहेत, माणसाचं मनगट जाईल एवढी. बुडी मारून बघणारे लोक आले होते. ते म्हणाले, लोखंड नव्हतं त्या काळातलं काम आहे, आणि तेव्हा समुद्र इथं नव्हताच, पार लांब होता. आमच्याकडेही असंच सांगतात.

तेव्हा म्हणे बांधाच्या अलीकडे, आता पाणी आहे तिथं, गाव होता. शेत, विहीर, सगळं. माणसं झाडाचं खोड जाळून, दगडानं कोरून होडी करत आणि समोरच्या बेटावर जात. बेटावर एक काळा, काचेसारखा दगड मिळे. त्याच्या चिपेनं मासा चिरायचा, कातडं सोलायचं, दाढीसुद्धा करायची. तसला दगड आमच्या किनाऱ्याला नाही, तरी शेत नांगरताना चिपा लागतात. पोहत तर नाही आल्या.

मग समुद्र चढू लागला. एकदम नाही. एका पावसाळ्यात खालचं शेत गेलं, पुढं कधीतरी विहीर खारी झाली. गावाचा म्होरक्या होता आडोबा. अंगानं रेडा आणि डोक्यानंही तोच. त्यानं मूठभर वाळू गिळून दर्याला शपथ घातली, की मी बांध घालतो, त्याच्या आत तू पाऊल टाकायचं नाहीस.

लोकांनी दगड वाहिले. कुणाची बोटं चेचली, कुणी दगडाखाली गेलं, त्याला तिथंच बांधात घातलं. मग एकेक घर होडीत बसून बेटाकडे सटकू लागलं. आडोबा भडकला. "दर्या शेजारी राहायला आला, तर गाव सोडता? भाड्यानं राहत होतात काय रे?" त्यानं दगडांना भोकं पाडायला लावली आणि सगळ्या होड्या सालीच्या दोरांनी बांधाला जखडून टाकल्या, आखूड, हलता येणार नाही अशा. घराघरातल्या कुऱ्हाडी आणि चिपा गोळा करून खोल डोहात टाकल्या. एक कुऱ्हाड त्याच्या कमरेला राहिली. दोराला हात लावील त्याचा हात जाईल, असा हुकूम.

आडोबाची धाकटी बहीण तारवी. तिचा नवरा होड्या कोरणारा. तो दोर सोडताना सापडला. आडोबानं त्याचा हात बांधाच्या दगडावर ठेवला आणि मनगटावर कुऱ्हाड घातली. दगडाची कुऱ्हाड, एका घावात काय तुटते! घाव घालत राहावं लागलं. गाव उभा राहून बघत होता. मग त्याला तसाच, जिता, बांधाच्या खिंडीत घालून वर दगड रचले. दगडामागून हाका येत होत्या म्हणे, आणि माणसं पुढचा दगड उचलत होती.

तारवी रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, दर्याला बांधायला निघालास आणि बांधलंस आम्हाला."

"जा गो, चूल बघ," तो म्हणाला.

तिच्या अंबाड्यात एक काळी चीप राहिली होती. बायकांचे केस तपासायचं त्याला सुचलं नव्हतं.

श्रावणातल्या पुनवेला, भर दिवसा, उधाणाची भरती आणि वारा एकदम आले. पाणी बांधाच्या खालून आलं, वरून आलं, विहिरीतूनसुद्धा आलं. गाव होड्यांकडे धावला. दोर भिजून फुगलेले, गाठी आवळलेल्या, तोडायला घरात काही नाही. पाणी चढलं तशा होड्या चढल्या, दोर ताणले आणि नाकं खाली ओढली जाऊन एकेक होडी भरू लागली. माणसं दातांनी दोर चावत होती. होडीला लटकलेल्यांच्या बोटांवर आतले वल्ही मारत होते. भावानं भावाला, सुनेनं सासूला. पाणी लाल होतं असं सांगतात.

तारवी बांधावर चढली आणि चिपेनं पहिला दोर कापला. आडोबा कुऱ्हाड घेऊन धावला. "होड्या गेल्या तर उद्या बांध कोण बांधील?" कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हे म्हणाला! त्यानं तिच्या खांद्यावर घाव घातला. डावा हात लोंबू लागला. ती तशीच त्याच्या अंगावर गेली आणि सख्ख्या भावाचा गळा या कानापासून त्या कानापर्यंत चिरला. तो पडला, तशी त्याची कुऱ्हाड घेऊन ती एकेक दोर तोडत सुटली. काही होड्या सुटताच उलटल्या. काही तरंगल्या.

शेवटची होडी उंबऱ्या नावाच्या एकाची. भित्रा माणूस, बायकापोरं आत घेऊन बसलेला. त्यानं बघितलं ते रक्तानं भरलेली, एक हात लोंबणारी बाई आपल्या दोरावर कुऱ्हाड मारतेय. बाहेर उघडा समुद्र, आणि हा दोर तेवढाच धरून ठेवणारा. "माझ्या होडीला हात लावतेस? कोण गो तू?" तो ओरडला आणि वल्हं तिच्या डोक्यात घातलं. ती थांबली नाही. त्यानं पुन्हा घातलं. दोर तुटला आणि तीही गेली, एकदमच. होडी सुटली, नाक वर आलं आणि लाटेनं तिला डोंगराच्या पायथ्याशी नेऊन टाकलं, जिथं आता आमचं गाव आहे.

दुसऱ्या होड्या कुठं लागल्या ठाऊक नाही. इथं लागली ती उंबऱ्याचीच. म्हणजे कोंडवेळची आम्ही सगळी त्याची लेकरं. जिनं वाचवलं तिची नव्हे, ज्यानं तिला मारलं त्याची. पाहुण्यांना हे आवडत नाही. न आवडो.

उंबऱ्या पुढं रोज सुकतीला बांधावर जाऊन माफी मागत असे. एके दिवशी भरती आली तरी उठला नाही.

आजही आमची होडी बांधावरून जाताना तांडेल वल्हं आडवं धरतो आणि म्हणतो, "चुकलंव गो बाय." आणि आजही रीत आहे, की वादळात कुणी कुणाचाही दोर तोडावा, विचारू नये. होडी वाचो की फुटो, ज्याचा दोर तुटला त्यानं वारा पडल्यावर तोडणाऱ्याच्या दारात नारळ ठेवून "चुकलंव" म्हणायचं. हे चुकलं तर आम्ही उंबऱ्याच्या पुढं एक पाऊल आलो नाही.

मागच्या वादळात धक्क्याला एक होडी आखूड दोरानं बांधलेली, नाक पाण्यात चाललेलं, आत मालक आणि त्याचा म्हातारा बाप. मी कोयत्यानं दोर तोडला. मालकानं माझ्या पाठीत वल्हं घातलं, चोर म्हणाला. होडी वाचली. बाप वाचला, अजून देवळाच्या पारावर बसून विड्या ओढतो. माझा हात खांद्याच्या वर जात नाही. दारात नारळ आलेला नाही. बांधावरून जाताना मालक वल्हं मात्र आडवं धरतो, अगदी डोळे मिटून. त्याचं नाव भालू कोयंडे.