वीतभर मागे

“पण मग माझ्या मागे असतं तरी कोण?”

रोशीन लव्हेलने हे सायकलवरून न उतरताच विचारलं. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. उत्तर घ्यायचं आणि निघायचं, असा तिचा बेत.

ब्रीजी मोरनने मान वर केली नाही. ती अंगणात बसून काळ्या मातीच्या विटा रचत होती. आयर्लंडच्या त्या पश्चिम टोकाला झाडं फारशी नाहीत. लोक दलदलीतून मातीच्या विटा कापतात, वाळवतात आणि हिवाळाभर चुलीत जाळतात.

“ब्रीजी, मी तुम्हाला विचारतेय.”

“ऐकलं.”

“मग?”

“ती वीट दे इकडे. ती नाही गं, कोरडी.”

रोशीनने वीट दिली. त्यासाठी तिला सायकलवरून उतरावं लागलं.

ब्रीजी पंच्याहत्तरीला आलेली. एके काळी ती पुरुषांच्या शर्यतीत नाव न सांगता उतरायची, असं म्हणत. गावच्या सायकल क्लबातली जुनी माणसं तिचा विषय निघाला की आवाज खाली आणायची. जुनी माणसं पुष्कळ गोष्टींसाठी आवाज खाली आणतात, म्हणून रोशीनने ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

आज घ्यावं लागलं होतं.

“सांग,” ब्रीजी म्हणाली.

“वसंतात सुरू झालं. तळ्याकडच्या सरळ रस्त्यावर, मी एकटी असले की. आधी फ्रीव्हीलची टिकटिक येते, पेडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून येते ती. मग ओल्या डांबरावर टायरचा आवाज. माझ्या मागच्या चाकापासून वीतभर. मी वेग वाढवला की तेही वाढवतं. मी थांबले की थांबतं.”

“वळून बघितलंस?”

“दर वेळी. रस्ता रिकामा.”

“तुझ्याच सायकलचा आवाज असेल. कशावर तरी आपटून परत येत असेल.”

“त्या उघड्या माळावर कशावर आपटणार? आणि मेंढ्यांचं काय?”

“त्यांचं काय?”

“मी जवळ आले की त्या मान वर करून बघतात. मी पुढे जाते, त्या खाली मान घालतात... आणि लगेच पुन्हा वर करतात.”

ब्रीजीच्या हातातली वीट क्षणभर हातातच राहिली.

“परवा मागे बघायच्या नादात दुधाच्या टँकरखाली जात होते,” रोशीन म्हणाली. “रात्री झोप नाही. डोळा लागला की टिकटिक. हे थांबलं नाही तर मला सायकल विकावी लागेल.”

“वीक की. माझा भाचा घेईल.”

रोशीन पांढरी पडली.

आठवडाभर ती गावातल्या औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून लोकांचे खोकले ऐकायची. पण तिचं जगणं दुकान उघडायच्या आधीच उरकलेलं असायचं. उजाडताना, समुद्रावरच्या खारट वाऱ्यात, मान खाली, मांड्या पेटलेल्या. कॉर्मक नावाच्या एका भल्या मुलाने तिला एकदा विचारलं होतं, मी की सायकल? ती टायरमध्ये हवा भरत होती. म्हणाली, पुन्हा विचार, ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, पण ते दुसऱ्या दिवशी, आणि चढ संपल्यावर.

“सायकल गेली तर माझ्याकडे तो कोट उरतो, ब्रीजी. दुसरं काही नाही.”

ब्रीजीने आणखी एक वीट ठेवली. “रविवारी क्लबाबरोबर जातेस, तेव्हा येतं?”

“नाही. तेव्हा सगळे असतात ना.”

“कुठे असतात?”

“मागे.”

“आणि तू?”

“पुढे! हे काय विचारणं झालं? मी कोणाच्या पाठीआड लपून जात नाही. माझा वारा मी कापते.”

“सबंध रस्ता?”

“सबंध रस्ता. तुमचे म्हातारे कुरकुरतात. म्हणे जोडीने चालवताना दोघांची हँडलं एका ओळीत हवीत, म्हणजे गप्पा मारता येतात. कोणाला मारायच्यात गप्पा? गुडघेदुखी, मटणाचा भाव आणि कोण मेलं. माझं चाक आपोआप पुढे जातं.”

“ते मग तुझ्या आडोशाला बसून येतात. आरामात.”

“येऊ देत.”

“तू दमलीस तर त्यांना कळायला वेळ लागेल. ते खाली बघत असतात.”

“ब्रीजी!” रोशीनचा आवाज चढला. “तुम्हा लोकांचं हेच. आम्ही एक प्रश्न घेऊन यायचं आणि चार घेऊन परत जायचं. त्या रस्त्यावर काही आहे की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मी घरी जाते.”

ब्रीजी गुडघ्यावर हात टेकून उठली.

हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. तिने फक्त उजवं कोपर अंगापासून जरासं बाहेर झटकलं, कोंबडीने पंख झटकावा तसं.

रस्त्यावर सायकल हाकणाऱ्यांना ही खूण शिकवावी लागत नाही. सगळ्यात पुढचा वारा कापून दमतो, कोपर झटकतो आणि बाजूला होतो. म्हणजे, आता तू ये. मग मागचा पुढे येतो आणि दमलेला त्याच्या आडोशाला जातो. मैलोन्मैल असंच चालतं. कोणी आभार मानत नाही.

रोशीन हसायला गेली. हसू अर्ध्यातच राहिलं.

“मी हे करत नाही.”

“अख्ख्या गावाला माहितीये.”

“आणि मागे कोणी नसताना करू?”

“मागे कोणी नसतं, तर माझ्याकडे आली असतीस?”

रोशीन आणखी चिडली. सायकलवर बसली. फाटकाशी जाऊन थांबली.

“आणि कोणी खरंच पुढे आलं तर?”

“तर जागा दे,” ब्रीजी म्हणाली.

तळ्याकडच्या रस्त्यावर धुकं उतरलेलं होतं. दुपार टळली होती, पण उजेडाला रंगच नव्हता. दोन्ही बाजूंना काळी दलदल, मध्ये ओला सरळ रस्ता, आणि समोरून वारा.

टिकटिक लगेच आली.

रोशीनने दात आवळले आणि पेडलं दाबली. टिकटिक थांबली, टायर सळसळला. वीतभर मागे. ती उभी राहून दामटू लागली. तेही दामटू लागलं. छातीत धाप भरली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वळून बघायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

तळं आलं. वारा पाण्यावरून थेट तोंडावर आदळला. तिची हँडलवरची बोटं बधिर झाली होती. या वाऱ्यात ती वर्षानुवर्षं एकटी गेली होती, आणि आपण दमलोय हे तिने कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तिने कोपर झटकलं.

अगदी जरासं. कोणाला दिसू नये इतकं. आणि सायकल डावीकडे घेतली.

मागचा आवाज जवळ आला. बाजूला आला. उजव्या गालाला गार लागलं, आणि भिजलेल्या लोकरीचा वास आला. मग आवाज पुढे गेला.

पुढे काहीच नव्हतं. फक्त रस्त्यावरच्या पाण्यात एक बारीक रेघ उमटत चालली होती, तिच्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर.

आणि वारा थांबला.

कमी झाला नाही. थांबला. कोणी दार लावून घ्यावं तसा. दोन्ही बाजूंचं गवत वाऱ्याने झोपलेलं होतं आणि तिच्या कपाळावरची बट हलतही नव्हती. पाय आपोआप फिरू लागले. समोर मेंढ्या होत्या. ती पोचायच्या आधीच त्यांनी माना वर केल्या, खाली घातल्या, आणि तिच्यासाठी पुन्हा वर केल्या.

रोशीन ओरडायला हवी होती. तिला हसू येत होतं. सायकल इतकी हलकी असते, हे तिला माहीतच नव्हतं.

बऱ्याच वेळाने रेघ डगमगली.

थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. वाऱ्याची एक धार तिच्या खांद्यावरून गेली, मग दुसरी गळ्यावरून. रेघ मंद होत होती. रोशीन नजर ताणून समोरच्या रिकाम्या हवेत बघत राहिली. काय शोधायचं, हे तिला कळत नव्हतं. टिकटिक सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली.

तिने घाबरून ब्रेक दाबले.

वारा एकदम अंगावर आला. रेघ रस्त्याच्या मधोमध संपली होती. रेघेवर पाणी हळूहळू पसरलं आणि ती पुसून गेली.

दिवस मावळायच्या आत रोशीन फाटकाशी परत आली. ब्रीजी तिथेच उभी होती. विटा रचून झाल्या होत्या, पण ती आत गेलेली नव्हती.

“आला?” ब्रीजीने विचारलं.

“आला.”

रोशीन या वेळी उतरली. सायकल भिंतीला टेकवली.

“दमला होता, ब्रीजी. शेवटी शेवटी सरळही जाता येईना त्याला. मला पुढे व्हायला हवं होतं. मी वाट बघत राहिले... आणि मग ब्रेक लावले.”

“हं.”

“मी त्याला तिथे वाऱ्यात सोडून आले.”

दूर कुठेतरी मेंढी ओरडली.

“सायकल विकायची नाहीये मला,” रोशीन म्हणाली. “उद्या उजाडल्यावर जाणार आहे. पण तो दिसत नाही. समोर नुसती हवा. त्याने कोपर झटकलं तर मला कळणार कसं?”

ब्रीजी फाटक ओढून घेऊ लागली.

“सांगा ना. एकदा तरी सरळ सांगा.”

ब्रीजीने फाटकाची कडी लावली, आणि त्या रस्त्याकडे वळली.

“त्यालाही मागे कोणी दिसत नाही, पोरी. आधी तू हाक मार.”