दहा लाख एकचं अंगण

बातमी आली तो दिवस नेहमीसारखाच होता. त्या राज्यात प्रत्येक संख्येला स्वतःचं घर असे आणि ज्यांनी तिला निःशेष भाग जातो, त्या सगळ्यांना त्या घरात राहण्याचा हक्क असे. दहा लाखाकडे त्याच्यासह एकोणपन्नास जण आंघोळीसाठी रांगेत उभे होते. शेजारचा दहा लाख एक आपल्या पायरीवर शांतपणे नखं कापत बसला होता. त्याच्याकडे फक्त एक राहायचा. पण एक सगळ्यांकडेच राहतो, त्याला कोणी धरत नसे. दारावर पाटी होती, 'अविभाज्य'. ती तो रोज पुसायचा.

पाटी मिळण्याआधी तपासणी होई. घराचं अंगण त्या संख्येएवढंच लांब असे आणि तपासनीस, म्हणजे एखादी लहान संख्या, त्याच्या एका टोकापासून आपल्या मापाच्या ढांगा टाकत निघे. शेवटची ढांग नेमकी भिंतीशी संपली तर तो घरचा. नाहीतर उरलेलं अंतर वहीत मांडून तो परत जाई. दोन आला, एक उरला. तीन आला, दोन उरले. सात, अकरा, तेरा, प्रत्येकाचे दोनच उरले. सत्त्याण्णवचे, बरीच दमछाक होऊन, अठ्ठावीस. मग कारकुनाने वही मिटली, कारण वहीत तपासनिसाचा रकाना दोनच अंकांचा होता.

आता नव्या कारकूनबाईंनी रकाना रुंद केला होता. शिपायाने निरोप आणला की हजारापर्यंतची तपासणी राहून गेली आहे, पुढचा तपासनीस आजच येईल.

दहा लाख कुंपणावरून म्हणाला, "पाटी गेली तर घाबरू नका हो. आमच्यातले पंधरा-वीस पाठवतो राहायला."

"तुमचे माझ्या काय कामाचे? ज्याचा त्याचा एक उरतो," दहा लाख एक म्हणाला.

दुपारी एकशे एक आला. चपला काढून चालू लागला. कुंपणापलीकडे सगळे मोठ्याने मोजत होते. हळूहळू त्यांचा आवाज बसला. नऊ हजार नऊशे एकावी ढांग पडली आणि अंगठा भिंतीला टेकला. दहा लाख एकने वाकून पाहिलं. मध्ये काहीच उरलं नव्हतं.

"मागच्या खेपेलाही आलो होतो मी," एकशे एक म्हणाला. "सत्त्याण्णवच्या मागेच उभा होतो. वही मिटली, मग गेलो." थोडं थांबून म्हणाला, "माझ्या जितक्या ढांगा झाल्या ना, तोही तुमचाच. नऊ हजार नऊशे एक. पण फार लाजतो."

शिपायाने पाटी उतरवून काखेत मारली. दहा लाख एकचं तिकडे लक्ष नव्हतं. तो चहा ठेवतो म्हणाला आणि एकशे एकला घेऊन आत गेला. कप एकच होता. दुसरा असेल म्हणून एकशे एक फळीवर चाचपू लागला, तेव्हा तिच्यावर अंथरलेला कागद हातात आला. कचेरीचा छापील अर्ज होता. 'तपासणी पुढे चालू ठेवावी, ही विनंती.' वर दहा लाख एकचं नाव घातलेलं होतं आणि सत्त्याण्णव परत गेला त्या दिवसाची तारीख. मधोमध कपाचा एकच गोल डाग पडला होता.

खाली सहीची जागा होती. सही केलेली नव्हती.