अर्ध्या हप्त्याचा जबडा

"अर्ध्या हप्त्यात एक डोळा झाला. दुसरा, उरलेला हप्ता आल्यावर!" असं सांगून लखमीदास शेटच्या वैद्याने हत्यारं पिशवीत भरली. हैबती वस्ताद त्याच्याकडे एका डोळ्याने बघत राहिला.

उंबरकोटात राजासुद्धा निवडून यावा लागे. यंदा दिलदारराजे उभे होते. चौकाचौकात त्यांची एकच गर्जना, "शेटचा आरोग्यविमा घ्या! अर्धा हप्ता तुम्ही भरा, अर्धा खजिना भरेल!" लोकांना भरवसा वाटावा म्हणून पहिला विमा त्यांनी स्वतःचाच उतरवला. मग लोकांनीही उतरवला, आणि राजांना निवडून दिलं.

निवडून आल्याबरोबर खजिन्याची प्रकृती एकाएकी बिघडली. खजिन्याचा हप्ता थांबला. शेटजी तसे सरळ माणूस. त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. अर्ध्या हप्त्यात अर्धा उपचार सुरू केला. तापकऱ्याला अर्धा काढा, जखमेला अर्धी पट्टी.

हैबती तालमीचा वस्ताद. गावातले निखळलेले खांदे, घोटे तोच बसवी. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले होते, त्यातला एक परत आला. पण एका डोळ्याला अंतर कळेना. दूध पेल्याबाहेर सांडू लागलं. तेही चालून गेलं असतं, पण परवा एका पहिलवानाचा खांदा बसवायला गेला आणि हात पडला गळ्यावर! त्या दिवशी वस्तादाने तालमीचं दार ओढून घेतलं आणि ओसरीवर जाऊन बसला. त्याची मुलगी हौसा त्याच्याच हाताखाली ही विद्या शिकली होती. बापाला असं बसलेलं पाहून तिला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. ती तडक दरबारात गेली.

"म्हाराज, वचन मोडलं तुमी!"

"मोडलं नाही, पुढे ढकललं," महाराज म्हणाले. "आणि अर्धा उपचार मिळतोय ना? अर्ध्याने कुणाचं काही अडत नसतं. अर्धी भाकरी खाता येते. अर्ध्या विहिरीतही पाणी असतं."

"आणि अर्धी गाय?" हौसाने विचारलं.

"मागची अर्धी घ्यावी. दूध मिळतं आणि वैरण वाचते."

दरबाराने माना डोलावल्या. महाराजांना चेव चढला. "ऐक पोरी! अर्ध्याने अडतं अशी एक तरी गोष्ट मला आत्ता, इथल्या इथे दाखव. दाखवलीस, तर सगळ्या रयतेचा राहिलेला हप्ता आजच भरतो. नाही दाखवलीस, तर तुझ्या बापाच्या तालमीला कायमचं कुलूप!"

हौसाने जरा विचार केला.

"दावते की. पण आदी ते वचन एकवार ऐकवा, म्हाराज. सभेत गरजला व्हता, अगदी तसंच! माझ्या बाला लई आवडायचं."

स्तुती कुणाला नको असते! महाराज उभे राहिले. हौसाला एक गोष्ट ठाऊक होती. प्रचारात ओरडता ओरडता महाराजांचा जबडा एकदा तालमीसमोरच निखळला होता. वस्तादाने तो बसवला, तेव्हा महाराजांचं डोकं धरून हौसाच उभी होती. "पुन्हा मोठा आ करू नका," असं वस्तादाने बजावलंही होतं. पण निवडून आलेल्या माणसाला आधीचं कुठलं आठवतं?

"रयतेच्या हप्त्याला माझा खजिना!" महाराज गरजले. "हा खजिना तुमचाऽऽऽ—"

खट्! उघडलेलं तोंड उघडंच राहिलं.

शेटजी वैद्याला घेऊन दरबारातच बसले होते. वैद्य धावला. तोंडात डोकावून म्हणाला, "दात चांगले आहेत." आणि मागे सरला.

"मी बसवते," हौसा म्हणाली. तिने अंगठ्यांना फडकं गुंडाळलं. "शेटजी, म्हाराजांचा विमा हाय न्हवं?"

"आहे तर! पहिलाच!"

"हप्ता पुरा जमा हाय?"

शेटजी चाचरले. "अर्धा आहे. उरलेला खजिन्यातून यायचाय."

"मग ठीक!" हौसाने महाराजांच्या तोंडात अंगठा घातला, मागच्या दाढेवर खाली दाबला. खट्! उजवी बाजू बसली. तिने हात पुसले, मुजरा केला आणि दाराकडे निघाली.

महाराजांचं तोंड एका अंगाला गेलं होतं. शब्द फुटेना. ते दोन्ही हात हलवू लागले.

"आता काय?" हौसा वळली. "अर्ध्या हप्त्यात उजवी बाजू झाली. डावी, उरलेला हप्ता आल्यावर! आन् म्हाराज, अर्ध्यानं तुमचं काय अडलं का? नसंल अडलं तर नुसतं 'नाही' म्हणा. मी हरले, तालमीला कुलूप घाला."

महाराजांनी फार प्रयत्न केला. घाम आला, लाळ गळाली, पण 'नाही' काही आलं नाही. दरबार अदबीने थांबला होता. शेवटी महाराजांनी खजिनदाराकडे बोट केलं, मग शेटजींकडे, आणि दोन्ही हातांनी सगळ्या राज्याएवढा मोठा गोल काढून दाखवला.

"पण महाराज, खजिन्याची प्रकृती..." खजिनदार म्हणाला.

महाराजांनी त्याच्याकडे असं पाहिलं की खजिना जागच्या जागी बरा झाला. थैल्या आल्या. "सगळ्यांचा पुरा पोचला," असं शेटजींच्या तोंडून वदवून घेतल्यावर हौसाने डावी बाजू बसवली.

महाराजांनी हनुवटी चाचपली. दरबारी दोन पावलं मागे सरले. आणि महाराज खो खो हसत सुटले! हौसाने धावत जाऊन जबडा खालून धरला. "बेतानं, म्हाराज!"

वैद्याला हैबतीच्या दुसऱ्या डोळ्यासाठी त्याच पावली पिटाळलं. तालमीला इनाम जमीन मिळाली. हौसाच्या हातात महाराजांनी स्वतः सोन्याचं कडं घातलं आणि हळूच विचारलं, "पुढच्या निवडणुकीत वचन केवढं द्यावं गं?"

"तोंड न उघडता देता यील तेवढंच, म्हाराज!"

या खेपेला महाराजांनी आपली हनुवटी आपणच दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मग पोटभर हसले.