उलटं फिरवा, उलटं!

फार पूर्वीची गोष्ट आहे. तुमच्या पणजीची पणजी रांगत असेल तेव्हाची म्हणा ना! एका उंच कोरड्या माळावर दोर वळणाऱ्यांचं एक गाव होतं. एकवीस घरं, एक वड, आणि वडाखाली खडकात खोदलेलं पाण्याचं एक मोठं टाकं. पावसाळ्यात ते भरायचं आणि त्यावर गाव वर्ष काढायचं. दुसरं पाणी दिवसभराच्या वाटेवरसुद्धा नव्हतं.

या लोकांचे दोर असे, की हत्ती बांधा! आणि अभिमान तर दोरापेक्षाही जाड. उजवीकडे पीळ दिला की दोर बनतो आणि डावीकडे फिरवला की सुटतो, हे त्यांना पाळण्यापासून माहीत. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट उलटी फिरवली की पूर्ववत होते, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. कुणाची शेळी हरवली, तर तो माणूस पाठमोरा चालत घरी यायचा. भांडणात कुणी लागेल असं बोललं, तर तेच वाक्य शेवटापासून सुरुवातीपर्यंत म्हणायचं. झालं, शब्द मागे घेतले! ऐकणाऱ्याचा राग गेला की नाही, हे मात्र कुणी विचारत नसे.

गावात आणखी एक रीत होती. नवी सून आली की तिच्या माहेरची भेट गावच्या दोरानं वडाच्या फांदीला टांगायची, थेट टाक्यावर. आमचा दोर भेट पेलतो, तशी आम्ही तुमची लेक पेलू, असा त्याचा अर्थ. गाठ मारायचा मान गावच्या नाइकाचा.

त्या वर्षी एक सून आली ती थेट समुद्राकाठच्या मिठागरातून. तिच्या बापानं भेट काय पाठवली? सात पोती मीठ! मिठाच्या गाड्या घेऊन तिचे दोन काका आले होते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होते. नाइकानं मिशीला पीळ देत सातही पोती एका दोरात बांधली, आपली नामांकित गाठ मारली आणि म्हणाला, "बघून घ्या! एका झटक्यात सुटेल, पण मी झटका देईन तेव्हाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला. पोती झुलली, हलली, पुन्हा झुलली, आणि धब्ब! सातच्या सात टाक्यात!

सगळं गाव धावलं. वर दोर अखंड लोंबत होता, एक धागासुद्धा तुटलेला नाही. म्हणजे काय झालं होतं? गाठ सुटली होती! सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी नाइकाकडे न पाहता जमिनीकडे पाहिलं.

नाइकाचा चेहरा उतरला. मग लाल झाला. तो ओरडला, "या सुनेचा पायच वाईट! आल्या आल्या गावाचं पाणी नासवलं!"

 पण सून मिठागरातली पोर, मिठाचा स्वभाव तिला ठाऊक. गावच्या रीतीनं नाइकालाही मामंजी म्हणत ती कळवळून म्हणाली, "मामंजी, मला नंतर बोला! आधी पोती वर काढा. मीठ अजून तळाशी आहे, सगळं विरघळलेलं नाही. आत्ता उड्या मारल्या तर निम्मं तरी वाचेल. पाणी ढवळू नका, एवढं ऐका!"

आता नाइकानं काय करायचं होतं, सांगा बरं? ऐकायचं होतं! पण काल आलेल्या सुनेचं ऐकेल तर तो नाईक कसला?

"आम्हाला शिकवतेस?" तो म्हणाला. "जे आत गेलं ते उलटं फिरवलं की बाहेर येतं. आणा रे वासा! आणा दोर! टाकं डावीकडे घुसळा!"

आणि काय उत्साह, काय उत्साह! टाक्यात भलामोठा वासा उभा केला. त्याला दोर गुंडाळला. दोन्ही बाजूंना दहा-दहा जण लागले. ढोल वाजू लागला. "उलटं फिरवा, उलटं!" पाणी गरगरलं, फेसाळलं, पोती फाटली. पोरं नाचली, म्हातारेही नाचले. दुपारी नाइकानं हात वर केला आणि ओंजळ भरून घोट घेतला.

त्याचं तोंड असं वाकडं झालं, की ढोल आपोआप थांबला.

"थोडं राहिलंय," तो म्हणाला. "आणखी घुसळा!"

संध्याकाळपर्यंत घुसळलं. घोट आणखी खारट! सुनेनं टाक्यात उतरून तळाशी हात फिरवला. सात रिकामी फाटकी पोती हाताला लागली. मिठाचा एक खडा नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या टाक्यात खारट पाण्याची आणखी काही गरज नव्हती.

"उद्या सकाळी गाड्या जातील," नाइकानं फर्मावलं. "तोवर पाणी गोड झालं नाही, तर ही सून त्याच गाड्यांतून माहेरी जाईल. कायमची."

घराघरांत माठाच्या तळाशी होतं तेवढंच पाणी उरलं होतं आणि पावसाला दोन महिने होते. लोक पारावर सुन्न होऊन बसले. तेव्हा सून उभी राहिली. जायचंच आहे तर बोलून तरी जाऊ, असं तिला वाटलं असणार.

"मामंजी," ती म्हणाली, "दोराला पीळ तुम्ही दिला, म्हणून तो तुम्हाला काढता येतो. मीठ पाण्यात आपणहून पसरलं. पोत्यात त्याला दाटीवाटीनं एकच जागा होती, आणि टाक्यात कुठंही राहायला लाख जागा! एवढ्या जागा सोडून प्रत्येक कण नेमका पोत्याच्या जागी परत कशाला जाईल? उजवीकडे फिरवा, डावीकडे फिरवा, तो आणखी पसरणार. आपणहून गेलेलं आपणहून परत येत नाही. आणायचं असेल तर कष्ट घालावे लागतात."

"किती कष्ट?" कुणीतरी विचारलं.

सुनेनं गावाबाहेर बोट दाखवलं. तिथं अंबाडीच्या भाऱ्यांची उंच गंजी रचलेली होती. वर्षभराचे दोर त्यातूनच निघायचे. "ते सगळं जाळावं लागेल," ती म्हणाली. "पाणी उकळायचं. वाफ वर जाते, मीठ खाली राहतं. वाफ थंड केली की गोड पाणी."

"वेड लागलंय हिला!" नाईक गरजला. "अंबाडी जाळली तर वर्षभर काय वळायचं? वारा?"

कुणीच हललं नाही. मग सुनेची सासू उठली. ही बाई फारसं बोलत नसे. ती गंजीकडे गेली, आपल्या घराचा भारा ओढून पाठीवर घेतला आणि टाक्याजवळ आणून टाकला. "दोर पुढच्या वर्षी वळू," ती म्हणाली. "तहानलेल्या हातांनी काय वळणार आहात? आणि सूनबाई, रडणं पुरे. चूल कुठं मांडायची ते सांग."

शाबास सासूबाई!

मग जी धावपळ उडाली ती काय सांगू! एकवीस चुली पेटल्या. एकवीस हंडे चढले. झाकणं ओल्या मातीनं लिंपली, प्रत्येक हंड्याला बांबूची नळी बसवली. नळी थंड कशी ठेवायची? इथं गावाची कला कामाला आली. प्रत्येक नळीला दोराचे वेढे दिले आणि दोर खाऱ्या पाण्यानं भिजवत राहिले. सगळे नळीच्या टोकाकडे डोळे लावून बसले. टोकाशी एक थेंब जमला. लोंबकळला. पडला. टप्प!

सासूनं बोटावर घेऊन चाखला. "गोड!" ती किंचाळली. "गोड आहे गं, गोड!"

पाणी निघत राहिलं. भारे जळत राहिले, धूर आणि राख माळभर उडाली. ती कोण गोळा करणार! सकाळपर्यंत एकवीस घागरी भरल्या, आणि हंड्यांच्या तळाशी पांढरंशुभ्र मीठ चमकू लागलं. गंजीचा एक कोपराच काय तो संपला होता. दोन महिने पुरवून पुरवून पाणी मिळेल, हे आता दिसत होतं.

काकांनी बैल जुंपले. नाईक धावत आला आणि गाड्यांपुढे आडवा उभा राहिला. "सून जायची नाही!" मग तो सुनेकडे वळला आणि रीतीप्रमाणे आपलं वाक्य उलटं म्हणू लागला. दोन शब्द म्हणाला आणि थांबला. त्यानं तिचा चेहरा पाहिला होता.

"नाही गं," तो हळूच म्हणाला. "असं होत नाही, ना?"

"नाही, मामंजी."

नाइकानं खांद्यावर तो सुटलेला दोर घेतला. काल बाजाराला निघालेली माणसं 'वाईट पायाच्या सुनेची' बातमी आठ गावांत पोचवणार होती. बातमी आपणहून गेली होती, ती काही आपणहून परत येणार नव्हती. नाईक भर उन्हात पायी निघाला. प्रत्येक गावाच्या पारावर उभा राहून दोर उंच धरायचा आणि सांगायचा, "गाठ माझी सुटली. आणि पोती काढू न देता पाणी ढवळायला लावलं, तेही मीच. आमच्या सुनेनं गाव वाचवलं." काही ठिकाणी लोक हसले. काही ठिकाणी त्याला तीन-तीनदा सांगावं लागलं. एका म्हातारीनं तर शेवटपर्यंत मानलंच नाही.

अकराव्या दिवशी तो परतला तेव्हा तळपाय फुटले होते आणि मिशीचा पीळ पार उतरला होता. सुनेनं त्याच्या हातात तांब्या दिला. तो घटाघट प्यायला.

"गोड आहे?" तिनं विचारलं.

 नाइकानं नुसती मान हलवली.

माहेरची भेट त्या वडाला अजूनही टांगतात म्हणे. फक्त फांदी बदलली आहे. ती आता टाक्यावर नाही!

तात्पर्य: मीठ असो की शब्द, पसरायला काही लागत नाही, गोळा करायला मात्र घाम आणि सरपण दोन्ही लागतं. म्हणून गाठ आधी नीट मारावी, आणि सुटलीच तर दुसऱ्याकडे बोट न दाखवता चूल पेटवावी.